ए-५०१ ची सायकल : ठेवायची की विकायची? (नागपुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर)

ए-५०१ : मंडळी, सल्ला पाहिजे. लॉकडाऊनमध्ये घेतलेली २६ इंची गिअरची सायकल आहे, साडेसात हजारांची. चार वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात होती. आता महिनाभरापासून मनीषनगरहून बर्डीला ऑफिसात तिच्यावरच जाऊन राहिलो. जड चालते, गुडघे दुखतात, चेन मधेच उडी मारते. दुकानवाला म्हणे गिअर, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), दोन्ही चाकं बदला, नऊ हजार. एवढ्यात तर नवीन येते न बाप्पा!

बी-२०३ : दादा, विकून टाका. मी पंचवीस हजारांची हायब्रिड (रोड आणि डोंगरी सायकलच्या मधली) घेतली, लोण्यासारखी चालते.

सी-३०२ काकू : आमच्या पिंट्याची पण अशीच होती, भंगारवाल्याने चारशे दिले.

बी-२०३ : नाहीतर त्याच सायकलला नऊ गिअरचा सेट टाका. सातवरून नऊ.

सी-१०४ काका : बसत नाही बेटा. तिच्या मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, आहे. नऊचा कॅसेट वेगळ्या हबवर बसतो. म्हणजे हब बदल, मग चाक नवीन बांध, मग डिरेलर (चेन सरकवणारा), शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), चेन. साडेसात हजारांच्या सायकलला बारा हजारांचा साज. घोड्यापेक्षा खोगीर महाग.

ए-४०३ : डॉ. अमित समर्थ आपल्या नागपूरचेच. २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करायची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. साध्या सायकलवर केली असेल का? चांगली वस्तू ती चांगलीच.

सी-१०४ काका : ते ४,८०० किलोमीटर गेले. याला बर्डीला जायचं आहे, वाटेत अजनीला चहा घेत.

सी-३०२ काकू : 😂😂

मॅनेजमेंट कमिटी : उद्या सकाळी १० ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

सी-१०४ काका : ए-५०१, खाली ये. चष्मा आणि फूटपट्टी घेऊन येतो.

(पाऊण तासाने)

सी-१०४ काका : सगळ्यांसाठी लिहितो, कारण पार्किंगमध्ये अशा अकरा सायकली उभ्या आहेत.

टायरच्या कडेला ४० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं आहे. गेजने बघितलं तर १८! अंगठ्याने दाबून "आहे हवा" म्हणणारे आपण.

मागचं चाक उचलून फिरवलं, दीड फेऱ्यात थांबलं. डिस्क ब्रेकचा पॅड घासत होता. कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट ढिले केले, ब्रेक दाबून धरला, तसेच कसले. आता चाक फिरतं तर फिरतच राहतं. महिनाभर हा माणूस ब्रेक लावून वर्धा रोड चढत होता!

सीट. हा पाच फूट अकरा इंच, आणि सीट दुकानातून आली तेवढीच खाली. गुडघे दुखतील नाही तर काय? पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे. तीन इंच वर घेतली. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसली की थांबायचं, नाहीतर दांडा वाकतो किंवा फ्रेमच फाटते. याची रेघ जेमतेम आत राहिली. बाहेर गेली असती तर मीच म्हणालो असतो, सायकल बदल. मापात नसलेल्या फ्रेमला कोणताही पार्ट वाचवत नाही.

ए-५०१ : आणि चेन?

सी-१०४ काका : ती गेली. एका पिनीच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवायचा. नव्या चेनीत चोवीस कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर येते. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली की चेन बदलायची. पुरता सूतभर गेली तर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजा, नुसती नवी चेन टाकली तर घसरते. याची सूतभर आहे. दोन्ही बदल.

बी-२०३ : आणि टायर? ते खडबडीत एमटीबीवाले (डोंगरी सायकलचे) सिमेंट रोडवर घूं घूं करतात.

सी-१०४ काका : हो, ते बदलण्यासारखे आहेत. २६ × १.५० चे गुळगुळीत. पण टायरवरचा ५५९ आकडा (रिमचं माप, मिलिमीटरमध्ये) बघूनच आणा. जुन्या साध्या सायकलीचा २६ × १ ३/८ पण 'सव्वीसच' म्हणून देतात. तो ५९० असतो, या रिमवर बसत नाही. मी एकदा इतवारीतून आणून परत गेलो आहे.

ए-५०१ : म्हणजे चेन, फ्रीव्हील, दोन टायर, ब्रेकच्या केबल. दोन-अडीच हजारांत होईल. फोर्क?

सी-१०४ काका : त्याला हात लावू नको. तो स्प्रिंग दाबला तरी हलत नाही, पण तुला कुठे गोरेवाड्याच्या जंगलात उड्या मारायच्या आहेत!

ए-४०३ : तरी एक दिवस नवीन घ्यावीच लागेल न काका?

सी-१०४ काका : लागेल तेव्हा घेईल. आता मार्च लागून राहिला. मेमध्ये ४५ डिग्रीत पंचवीस हजारांची सायकल पण पार्किंगमध्येच राहते. पावसाळ्यानंतरही हा रोज जात असला तर दिवाळीला चांगली घेऊ, मी येतो सोबत.

ए-५०१ : 🙏 पार्ट अजून आणले नाहीत, नुसती सीट, हवा अन् ब्रेक. आज अजनीच्या चढावर पहिल्यांदा उतरलो नाही. काका, तुमचा पंप परत द्यायला आलो होतो, कुलूप होतं.

बी-२०३ : दादा, पंप माझ्याकडे पाठवा न. माझ्या हायब्रिडमध्ये बघितलं, तीसच निघाली 😐