मदत हवी आहे: दादर-माटुंगा स्कीमच्या प्लॉटचा आजचा सी.एस. (कॅडॅस्ट्रल सर्व्हे, म्हणजे सरकारी भूमापन) नंबर कसा शोधायचा?

आजोबांच्या 1930 सालच्या भाडेपावतीवर पत्ता एवढाच: ‘प्लॉट नं. 214, दादर-माटुंगा इस्टेट, स्कीम 5’. म्हणजे प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबई शहराच्या सुधारणेसाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पाडलेला प्लॉट. रस्त्याचं नाव नाही, इमारतीचं नाव कसरीने खाल्लंय. हिंदू कॉलनी की माटुंगा, यावरून घरातच दोन तट!

प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन पाहिलं, तर तिथे आधी डिव्हिजन (महसुली विभाग) आणि सी.एस. नंबरच मागतात. विकास आराखड्याच्या नकाशातही ट्रस्टचे नंबर मला सापडले नाहीत.

हक्काबिक्काचा प्रश्न नाही, फक्त जागा ओळखायचीय. नाशिकहून एकच फेरी जमेल. दोन्ही नंबर शेजारीशेजारी दाखवणारा नकाशा किंवा रजिस्टर कुठे बघायला मिळेल, पालिकेच्या इस्टेट खात्यात की कलेक्टर कचेरीत?