इंजिनाची ‘भुणभुण’, ‘घरघर’ की ‘घूं’? नेमका शब्द कोणता?

फोंड्याहून प्रश्न

कार सुरू केली की बॉनेटखालून एक आवाज येतो. खडखड नाही, शिट्टीही नाही. बारीक, सलग, न थांबणारा. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. एसी बंद केला तरी फरक नाही. इंग्रजी जाणणारे याला सरसकट बझिंग म्हणून मोकळे होतात. आमचं घरात मराठी, बाजारात कोकणी आणि गॅरेजात अर्धी हिंदी. ‘गाडी आवाज करता’ म्हटलं की मेस्त, म्हणजे मेकॅनिक, लगेच विचारतो, ‘कसलो आवाज?’ गुंजन, गुणगुण, भुणभुण, घोंघावणे, घरघर, घूं-घूं यांपैकी कोणता शब्द इंजिनाला बसतो? आणि त्यांच्यात खरोखर भेद आहे, की सगळे एकाच माळेचे मणी?

म्हापशाहून

भेद आहे आणि चांगला ठसठशीत आहे. गुंजन आणि गुंजारव कवितेत राहू द्या. त्या शब्दांत गोडवा आहे आणि बिघडलेल्या यंत्राला गोडवा लावणं मला पटत नाही. गुणगुण माणसाची असते, ओठांतल्या ओठांत, स्वतःपुरती. घोंघावणं हे वाऱ्याचं किंवा माश्यांच्या थव्याचं. त्यात आवाजाबरोबर फिरणं, झेपावणंही येतं. एका जागी बसलेला पार्ट घोंघावत नाही.

भुणभुण मात्र तुमच्या वर्णनाशी जुळते. ती बारीक असते, सलग असते आणि नकोशी असते. ‘कानाशी भुणभुण लावू नकोस’ यात तिन्ही गोष्टी आल्या. म्हणून माझं मत भुणभुणीला.

एक सावधगिरी ‘घरघर’ या शब्दाबाबत. जात्याची घरघर असते, पंख्याची असते, पण ‘घरघर लागणे’ म्हणजे शेवटचा श्वास. ‘इंजिनाला घरघर लागलीय’ असं सांगितलंत तर ऐकणारा इंजिन उतरवायच्या तयारीला लागेल.

डिचोलीहून

मी गॅरेज चालवतो. खाणपट्ट्यातल्या लाल धुळीत फिरणाऱ्या गाड्या आयुष्यभर बघत आलो, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे गिऱ्हाईक पार्टचं नाव सांगतं तेव्हा आम्ही फारसं मनावर घेत नाही. आवाजाचा शब्द सांगतं तेव्हा कान टवकारतो.

आधी आवाज जाड की बारीक, ते का ठरतं ते बघा. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. आयडलिंगला, म्हणजे मिनिटाला साधारण 800 फेऱ्यांवर, सेकंदाला 27च्या आसपास स्फोट होतात. कानाला ते जेमतेम वेगवेगळे कळतात, म्हणून त्याला आपण गुरगुर म्हणतो. 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100 स्फोट होतात, ते एकमेकांत मिसळतात आणि ‘घूं’ ऐकू येतो. इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर घ्या. त्याची पुली लहान असल्यामुळे तो इंजिनाच्या अडीच ते तीन पट वेगाने फिरतो. त्याचं बेरिंग खराब झालं की आवाज इंजिनापेक्षा बारीक लागतो. तीच भुणभुण. म्हापशाच्या ताईंनी कानाने जे ओळखलं, त्यामागचं गणित हे असं.

आता फोंड्याच्या दादांच्या गाडीकडे येतो. रेसबरोबर चढतो म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. एसी बंद करूनही तसाच राहतो, म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरच्या क्लचवरचा संशय बराच कमी झाला. पण कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही बेल्टवर फिरतच असते, त्यामुळे तिचं बेरिंग यादीत ठेवायचं. उरले अल्टरनेटर, वॉटर पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्टला वळण देणारी आयडलर पुली. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज वाढत असेल आणि गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असेल, तर त्याचा पंपही बघायचा.

आम्ही लांब स्क्रूड्रायव्हर घेतो. टोक अल्टरनेटरच्या बेरिंगजवळच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बेरिंग चांगलं असेल तर मऊ, एकसारखा सूंसूं येतो. गेलेलं असेल तर त्यात वाळू दळल्यासारखी खरखर मिसळलेली लागते. बाहेरून ऐकताना भुणभुण आणि आतून ऐकताना खरखर, हे जुळलं की पार्ट सापडला. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बेल्टपासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, हे विसरू नका.

याने नाही कळलं तर आम्ही बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवतो. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या पार्टमध्ये, राहिला तर इंजिनात. पुष्कळ गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून हे घरी करू नये आणि गॅरेजातही लांबवू नये.

पेडण्याहून

व्याकरणाच्या अंगाने थोडं. भुणभुण, घरघर, खरखर, किरकिर हे अनुकरणवाचक शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. ती भुणभुण, ती किरकिर. त्यांना ‘आट’ लागला की लिंगही बदलतं आणि आकारही: तो खडखडाट, तो घणघणाट. म्हणून बारीक दोषाला ‘खडखड’ लिहावं, बोनेट उघडायच्या आधीच शेजारी बाहेर आले तर ‘खडखडाट’. घूं, सूं, चीं ही मात्र नामं नव्हेत. ती ‘घूं असा आवाज’ अशी वापरायची.

क्रियापदांतही फरक पडतो. गॅरेजात बेरिंग ‘वाजतं’, बेल्ट ‘ओरडतो’. या दोन क्रियापदांची अदलाबदल मी कधी ऐकली नाही. बेल्ट घसरला की चीं करतो, विशेषतः पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना. त्याला भुणभुण म्हणणं चूकच.

मडगावहून

एक शब्द राहिला: झिणझिण. आमच्या बाजूला, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा आवाज फार. सायलेन्सरच्या वर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो. खाऱ्या हवेने त्याचे बोल्ट गंजतात, पत्रा सैल होतो आणि ठरावीक रेसवरच झिणझिणतो. त्याच्या खाली नाही, वर नाही. भुणभुण रेसबरोबर चढत जाते, झिणझिण मात्र एका टप्प्यावर येते आणि जाते. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. एका बाजूला नवं बेरिंग, दुसऱ्या बाजूला एखादा बोल्ट किंवा क्लॅम्प. गाडी पूर्ण थंड असताना तो पत्रा हाताने हलवून बघावा.

फोंड्याहून, पुन्हा

सगळ्यांचे आभार. विचारायचं राहिलं होतं: रेडिओ लावला की स्पीकरमधूनही बारीक सूं येतो आणि तोही रेसबरोबर चढतो. ही भुणभुणच म्हणायची का?

डिचोलीहून

नाही, पण ही माहिती मोलाची आहे. स्पीकरमधला सूं विजेचा असतो. अल्टरनेटरमधला डायोड गेला की असा सूर रेडिओत शिरतो. रेडिओची अर्थिंग सैल असली तरी येतो. पण दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर मी सगळ्यात आधी अल्टरनेटर खोलेन. चार्जिंगही मोजून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत.

जॉबकार्डावर असं लिहून द्या: ‘इंजिन सुरू असताना पुढून बारीक भुणभुण. रेसबरोबर चढते. एसी बंद केल्यावर फरक नाही. रेडिओत सूं.’ कोणता पार्ट बदला हे लिहू नका, ते मेस्ताला ठरवू द्या.

वास्कोहून

यात एक जोडा: गाडी उभी असताना येते की चालताना. उभ्या गाडीत रेस देऊनही काही ऐकू येत नाही आणि रस्त्यावर वेगाबरोबर जाड ‘घूं’ वाढतो, न्यूट्रल केलं तरी तसाच राहतो, तर इंजिनाचा संबंध नाही. चाकाचं बेरिंग किंवा टायर बघावा. वळणावर एका बाजूला तो वाढतो. चोर्ला घाटात उजवं-डावं वळण घेताना हा फरक स्पष्ट कळतो. आमच्याकडे याला ‘चाक घुमतंय’ म्हणतात.