मदत हवी आहे: लॅपटॉपला एक्स्प्रेसकार्डचा सीरिअल पोर्ट बसवलाय, तरी ड्रिप फीडमध्ये ०८७ अलार्म

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं डाय-मोल्डचं छोटं शेड आहे. फॅनक कंट्रोलचं एक जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटर-कंट्रोलवर चालणारं उभं मिलिंग मशीन, आहे. मशीन अजून खणखणीत आहे, पण मेमरी एवढीशी, की सरफेस फिनिशिंगचा प्रोग्रॅम तिच्यात मावत नाही. त्यामुळे आरएस-२३२ (सीरिअल) केबलनं ड्रिप फीड करतो : पीसी ओळीमागून ओळ पाठवतो आणि मशीन ती कापत जातं.

आधी मशीनशेजारी एक डेस्कटॉप होता, मदरबोर्डवरच कॉम पोर्ट असलेला. तो गेला. मग यूएसबी-सीरिअल कन्व्हर्टर लावून पाहिला. छोटे प्रोग्रॅम मेमरीत नीट उतरतात, पण ड्रिप फीडला मध्येच ०८७, बफर ओव्हरफ्लो. फिनिशिंग कट चालू असताना फीड (टूलची पुढची चाल) थांबला की टूल जागेवर फिरत राहतं आणि डायवर डाग उमटतो. पॉलिश करूनही तो पूर्ण जात नाही. गिऱ्हाइकाला असा पीस कसा द्यायचा?

म्हणून एक्स्प्रेसकार्डचा (लॅपटॉपच्या बाजूनं जादा कार्ड बसवायचा) स्लॉट असलेला सेकंडहँड थिंकपॅड टी४२० घेतला, आणि तापकीर गल्लीतून दोन पोर्टचं सीरिअल कार्ड आणलं. कार्ड ३४ मिमीचं, स्लॉट ५४ मिमीचा. बसतं बरोबर, फक्त बाजूला थोडं हलतं. बायोसमध्ये एक्स्प्रेसकार्ड स्लॉट चालू आहे. विंडोज १० वर ड्रायव्हर टाकल्यावर कॉम ५ आणि कॉम ६ दिसले. आमच्या डीएनसी (मशीनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या) सॉफ्टवेअरला कॉम ४ च्या पुढचं दिसत नाही, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून पहिल्या पोर्टला कॉम २ नंबर दिला.

९ पिनच्या कनेक्टरवर २ आणि ३ जोडून पुट्टीमध्ये टाइप केलं, अक्षरं परत आली. म्हणजे पोर्ट जिवंत आहे. केबल अशी : ९ पिनची २ मशीनच्या २५ पिनवर २ ला, ३ ला ३, ५ ला ७, मशीनच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० आपसांत जोडलेल्या. सेटिंग दोन्हीकडे ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ ("पाठव" आणि "थांब" सांगणारे संकेत). डेस्कटॉपवर हीच केबल आणि हीच सेटिंग चालत होती.

तरीही ०८७ येतोच. कन्व्हर्टरपेक्षा कमी वेळा, पण येतो. हातात एक डाय आहे आणि कृपया अंदाजानं सांगू नका, कारण चुकीचा प्रयोग स्टीलवर होणार आहे. कुणी असा सेटअप प्रत्यक्ष चालवलाय का?

प्रतिसाद

आधी एक तपासा. एक्स्प्रेसकार्ड स्लॉटमध्ये पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी, दोन्हींच्या लाइन येतात. स्वस्त कार्डांमध्ये बऱ्याचदा आत यूएसबी-सीरिअल चिपच असते. तसं असेल तर तुमच्याकडे पुन्हा कन्व्हर्टरच आलाय, फक्त स्लॉटमध्ये बसणारा. डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. सुरुवात पीसीआयनं होते की यूएसबीनं, ते सांगा.

धागाकर्ता

पीसीआयनं. पुढे व्हेन (व्हेंडर) १४१५, डेव्ह (डिव्हाइस) सी१५८.

प्रतिसाद

मग कार्ड खरं आहे. १४१५ हा ऑक्सफर्ड सेमिकंडक्टरचा नंबर आणि सी१५८ म्हणजे दोन यूआर्टची (सीरिअल पोर्ट चालवणाऱ्या सर्किटची) ओएक्सपीसीआयई९५२. चिप चांगली आहे, आणि तुमची अडचण तिच्या चांगलेपणातूनच येत असावी.

मशीनचा बफर भरत आला की फॅनक डीसी३ पाठवतं, म्हणजेच एक्सऑफ. त्यानंतर साधारण १० अक्षरं आली तरी ते सांभाळून घेतं. त्याहून जास्त आली की ०८७. आता पीसीकडे बघा. एक्सऑफ मिळाल्यावर ड्रायव्हर नवीन अक्षरं देणं थांबवतो, पण यूआर्टच्या फिफोमध्ये (पाठवायच्या अक्षरांच्या रांगेत) आधीच भरलेली अक्षरं बाहेर पडतच राहतात. जुन्या १६५५० यूआर्टमध्ये फिफो १६ अक्षरांचा असतो. तुमच्या चिपमध्ये तो १२८ चा आहे. तुमच्या सेटिंगला एका अक्षराचे स्टार्ट बिट धरून ११ बिट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरं. फिफो भरलेला असेल तर मशीननं "थांब" म्हटल्यावरही पाव सेकंदाहून जास्त वेळ माल येतच राहतो. यूएसबी कन्व्हर्टरमध्येही असंच होतं, शिवाय तिथे डेटा पाकिटांतून जात असल्यानं एक्सऑफची दखलही उशिरा घेतली जाते.

उपाय : पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथला ट्रान्समिट बफरचा स्लायडर सगळ्यात खाली, १ वर. रिसीव्हचा आहे तसा ठेवा. ४८०० बॉडला एकेक अक्षर पाठवण्याचा त्या प्रोसेसरवर काहीच भार पडत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा, आणि लॅपटॉपला स्लीप नको. पहिली चाचणी झेड (टूलचा उभा अक्ष) वर उचलून हवेतच घ्या.

दुसरा प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. मी मशीन मेंटेनन्समध्ये होतो, त्यावरून एकच जोडतो. केबल लावताना-काढताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद ठेवा, आणि दोन्हींचं अर्थिंग एकच असू द्या. अर्थमधल्या फरकानं पोर्ट उडालेले मी पाहिलेत, आणि त्यात मशीनकडचं कार्ड गेलं तर खर्च फार मोठा होतो. केबल शिल्डेड घ्या, स्पिंडल ड्राइव्हच्या वायरींपासून लांबून न्या. ते हलणारं कार्डसुद्धा नीट आधार देऊन बसवा. मशीनच्या कंपनानं संपर्क सुटला तर विंडोजमधून पोर्टच नाहीसा होईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, मशीन मोकळं होतं, तेव्हा सगळं केलं. ट्रान्समिटचा स्लायडर पार वरच्या टोकाला होता. तो १ वर आणला, पॉवरची सेटिंग बदलली, आणि तोच फिनिशिंग प्रोग्रॅम हवेत शेवटपर्यंत चालवला. ०८७ एकदाही नाही.

आता एक वेगळी गोष्ट लक्षात आली. प्रोग्रॅममध्ये एफ१००० (मिनिटाला १००० मिमी फीड) आहे, पण वळणाच्या भागात मशीन अडखळत जातं. अलार्म नाही, नुसतं थबकतं. हे पोर्टचंच आहे का?

प्रतिसाद

पोर्टचा दोष नाही, वेगाची मर्यादा आहे. समजा एक ब्लॉक (प्रोग्रॅमची एक ओळ) २० अक्षरांचा आणि त्यात सरासरी ०.२ मिमी चाल. ४३६ अक्षरांत सेकंदाला जेमतेम २२ ब्लॉक जातात, म्हणजे ४.४ मिमी, मिनिटाला साधारण २६० मिमी. १००० चा फीड मिळणारच नाही. मशीन पुढच्या ओळीची वाट बघत थांबतं. ९६०० केलंत तर ५२० च्या आसपास जाल. बॉड रेट मशीनच्या पॅरामीटरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे बदला आणि आधीचं पॅरामीटर लिहून ठेवा. ०८५ आला तर दोन्हीकडची सेटिंग जुळत नाही किंवा केबलमध्ये नॉइज आहे असं समजा.

त्याहून सोपं म्हणजे कॅममध्ये (प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ब्लॉक नंबर आणि ओळीतल्या मोकळ्या जागा बंद करून प्रोग्रॅम पुन्हा पोस्ट करा. कंट्रोलला त्यांची गरज नसते आणि प्रत्येक ओळीमागे चार-सहा अक्षरं वाचतात. डाय लावण्याआधी एफ ५०० वर आणून एकदा हवेत चालवून बघा, आणि थबकणं गेलं का ते इथेच कळवा.