मदत हवी आहे: गाडीच्या एसीचा वॉरंटीतला कॉम्प्रेसर गेला, मजुरी कोणी द्यायची?

उकाडा_४६
कॉम्प्रेसर नवा टाकून चार महिने झाले नाहीत अन् बसला. पार्टला एक वर्षाची वॉरंटी आहे. दुकानदार म्हणतो पीस बदलून देतो, मजुरीचं आमच्याकडे काही नाही. मिस्त्री म्हणतो पार्ट खराब निघाला त्यात माझी काय चूक, काढणं-बसवणं २,२०० आणि गॅस-ऑइल १,६०० लागतील. दोघंही एकमेकाकडे बोट दाखवून राहिले. नागपुरात पारा ४४ वर आहे. मजुरी कोणाच्या अंगावर पडते तेवढंच सांगा.

रामदासपेठकर
गाडी कोणती, किती वर्षांची? गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर पार्ट आणि मजुरी दोन्ही सहसा फुकट असतात, फार तर गॅस-ऑइलसारख्या संपणाऱ्या वस्तूंचे पैसे लावतात. पण तुम्ही मिस्त्री म्हणताय, म्हणजे काम बाहेर झालेलं दिसतं.

उकाडा_४६
२०१६ ची, १.२ पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, इथे लगेच कंपन्यांची भांडणं सुरू होतात. काम बाहेरच केलं.

निंबाची_सावली
कूलिंग कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर पाहा. डॅशबोर्डच्या खणामागे असतो, दोन क्लिपा काढल्या की हातात येतो. अर्धे कॉम्प्रेसर विनाकारण बदलले जातात. गाडी झाडाखाली लावत जा.

उकाडा_४६
कूलिंग कमी नाही हो, कूलिंगच अजिबात नाही.

बिल_दाखवा
या प्रश्नाचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून असतं आणि तीच तुम्ही लिहिली नाही. पार्ट तुम्हाला विकला कोणी? तुम्ही दुकानातून आणून मिस्त्रीच्या हातात दिला असेल तर मिस्त्रीने फक्त मजुरी विकली. ती मजुरी नीट केली असेल तर दुसऱ्यांदा मागायचा त्याला हक्क आहे, अन् तुमचं भांडण दुकानाशी. मिस्त्रीनेच पार्ट लावून एकत्र पैसे घेतले असतील तर तुमच्यासाठी विकणारा तोच. मग त्याने दुकानाशी भांडावं.

उकाडा_४६
बिल दुकानाचं आहे, माझ्याच नावाने.

बिल_दाखवा
बिलावर रक्कम किती? पैसे कोणाच्या खात्यात गेले?

उकाडा_४६
बिल ८,९०० चं. पैसे मी मिस्त्रीला एकत्रच यूपीआय केले, १३,९००. त्याने डायरीचं पान फाडून लिहून दिलं होतं: कॉम्प्रेसर १०,४००, मजुरी २,०००, गॅस-ऑइल १,५००.

बिल_दाखवा
आता बोला! ८,९०० चा पीस तुम्हाला १०,४०० ला पडला. मधले १,५०० कशाचे? दुकानात जाणं, बरोबर पीस निवडणं, आणि तो बिघडला तर निस्तरणं, याचेच ते पैसे. पार्टवर कमिशन घ्यायचं अन् बिघडल्यावर 'पार्ट माझा नाही' म्हणायचं, हे जमत नाही. ते पान आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा, वरच्या बिलापेक्षा त्यांची किंमत जास्त आहे.

पाना_पक्कड
इतकं सोपं नाही भाऊ. ग्राहक बाहेरून स्वस्तातला पीस लावायला सांगतो, मिस्त्री लावतो, मग वर्षभर फुकट उघडझाक त्यानेच करायची? दीड हजारात दोनदा गाडी उघडणं परवडत नाही कोणाला. दोघांनी अर्धं-अर्धं करावं.

बिल_दाखवा
स्वस्तातला लावायला ग्राहकाने सांगितलं असं धाग्यात कुठे आहे?

घाटरोड_गॅरेज
मजुरीचं नंतर. आधी 'बसला' म्हणजे नेमकं काय झालं ते कळू द्या. आतून जाम झाला, सीलमधून गॅस गेला, की क्लच (पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा चुंबकी भाग) लागत नाही? तिन्हीत जबाबदारी वेगळी.
आणि त्या डायरीच्या पानावर ड्रायर कुठे आहे? कॉम्प्रेसर बदलला की रिसीव्हर-ड्रायर बदलायचाच असतो. लाइन उघडली की ड्रायरमधलं रसायन हवेतलं पाणी पितं. ते पाणी आत राहिलं की तेलाची वाट लागते, अन् तेलाबरोबर कॉम्प्रेसरची. जुना कॉम्प्रेसर जाम होऊन बिघडला असेल तर त्याचा चुरा कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या समोरच्या जाळीत, अडकलेला असतो. कंडेन्सरच्या बारीक नळ्या फ्लशने पूर्ण साफ होत नाहीत. क्लेम नाकारताना कंपनी सगळ्यात आधी इथेच बोट ठेवते. अशा वेळी मजुरीच काय, पीससुद्धा मिळत नाही.

उकाडा_४६
ड्रायर बदलला नाही बहुतेक. जुना कॉम्प्रेसर जाम नव्हता, सील गळत होतं. आताच्यात दोन दिवस जळका वास आला, मग स्विच दाबल्यावर 'टक्क' व्हायचं तेही बंद. पुली फिरते.

घाटरोड_गॅरेज
मग हा क्लचच्या कॉइलचा, म्हणजे त्याच्या चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्याचा, मामला आहे. मल्टिमीटर असेल तर कॉम्प्रेसरची पिन काढा, कॉइलच्या बाजूने ओहम मोजा. चांगली कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. इंजिन चालू, एसी ऑन करून गाडीच्या बाजूच्या पिनेवर व्होल्टेज पाहा. मग इंजिन बंद करून पुलीच्या समोरची प्लेट हाताने फिरवा, अडते का, खरखरते का, आणि तिचा रंग कसा आहे ते लिहा.

उकाडा_४६
मीटर आणला. कॉइल ओपन, म्हणजे तार आतून तुटलेली. गाडीकडून १३.८ व्होल्ट येतात. प्लेट हाताने मोकळी फिरते, खरखर नाही. कडेला निळसर-तपकिरी झाली आहे.

घाटरोड_गॅरेज
म्हणजे वायरिंग, रिले ठीक. आतला पंप ठीक. प्लेट घसरत राहिली, तापली, त्या उष्णतेने कॉइल गेली. प्लेट आणि पुलीमधली फट साधारण ०.३५ ते ०.६५ मिमी असावी लागते. जास्त असली की चुंबक पूर्ण ओढत नाही अन् प्लेट घासते. नव्या पीसमध्ये ही फट कारखान्यातून लावून येते, मिस्त्री तिला हात लावत नाही. त्यामुळे दोष पार्टचाच दिसतो. ड्रायर न बदलण्याचा या बिघाडाशी संबंध नाही. हे दुकानदाराला याच शब्दांत सांगा, कारण तो ड्रायरचा मुद्दा काढणारच.
आता कामाची गोष्ट. अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरजच नाही. क्लच-कॉइलचा सेट तेवढा वॉरंटीत मागा. समोरचा नट, प्लेट, सर्क्लिप, पुली, कॉइल. गॅसची लाइन उघडायची नाही. जागा नसेल तर कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून पाइपासकट खाली झुकवायचा. तासा-दीड तासाचं काम. ३,८०० चं भांडण सहा-सातशेवर येतं.

पाना_पक्कड
चुकीचा सल्ला. एक तर क्लेमच्या आधी पीस खोलला की दुकानदार 'छेडछाड' म्हणून हात वर करतो. दुसरं, प्लेट निळी होईपर्यंत तापली तर पुलीचं बेअरिंग अन् शाफ्टचं सील दोन्ही भाजलेले असतात. पावसाळ्यात सीलमधून गॅस निघून गेला की हाच माणूस पुन्हा इथे धागा काढेल. पूर्ण पीसच बदलून घ्या.

घाटरोड_गॅरेज
क्लेमच्या आधी खोला असं मी म्हटलेलंच नाही. पण सीलचा मुद्दा मान्य. शाफ्टभोवती तेलाचा ओला डाग दिसला तर पूर्ण पीसच घ्या.

कलम_७३
मूळ प्रश्न मजुरी कोणावर हा होता, म्हणून कायदा सांगतो. वस्तू विक्री कायदा १९३० मध्ये कलम १६ खाली माल विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची अट गृहीत धरली जाते, आणि हमीभंगाबद्दल कलम ५९ खाली भरपाई मागता येते. करार कायदा १८७२, कलम ७३: भंगामुळे स्वाभाविकपणे होणारं नुकसान. खराब पीस काढून दुसरा बसवण्याची मजुरी हे तसंच नुकसान आहे. म्हणून दुकानदाराचं 'मजुरी आमच्याकडे नाही' हे ब्रह्मवाक्य नाही. मात्र कलम ६२ प्रमाणे गृहीत अटी कराराने वगळता येतात. बिलामागे 'मजुरी समाविष्ट नाही' छापलंय का ते पाहा.

हक्क_मागा
एवढं कशाला? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं पूर्ण प्रकरण आहे. थेट बनवणाऱ्या कंपनीवर टाका.

कलम_७३
ते इथे चालणार नाही. त्या प्रकरणासाठी कलम २(२२) मध्ये 'हानी'ची व्याख्या आहे. खुद्द वस्तूचं नुकसान आणि वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसान तिच्यातून वगळलंय. इथे साधी सदोष माल आणि सेवेतील त्रुटीची तक्रार करायची, दुकानदार आणि मिस्त्री दोघांनाही विरुद्ध पक्ष करून. म्हणजे एकमेकाकडे बोट दाखवणं ग्राहक आयोगासमोर होतं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं, वकील लागत नाही. नागपूरचा जिल्हा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा, बरेचदा तिथूनच फोन गेला की दुकानदार नरमतो. बिलामागची छापील अट 'अनुचित करार' म्हणून आव्हानायची असेल तर मात्र ते जिल्हा आयोगात होत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. चार हजारांसाठी त्या वाटेला जाऊ नका.

रामदासपेठकर
दुकानदार बदली पीसवर जीएसटी मागतो का? वॉरंटीत फुकट बदललेल्या पार्टवर ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचा नसतो, जुलै २०२३ चं परिपत्रक आहे.

हक्क_मागा
काचांना काळी फिल्म लावली तर कॉम्प्रेसरवरचा भार कमी होईल.

रामदासपेठकर
अन् चालानचा भार कोण उचलणार? २०१२ पासून बंदी आहे तिच्यावर.

उकाडा_४६
अपडेट. शाफ्टपाशी ओला डाग आहे, म्हणून पूर्ण पीसच मागितला. दुकानदाराने ड्रायरचा मुद्दा काढलाच. फट अन् निळी प्लेट दाखवल्यावर क्लेम फॉर्म भरला, पीस शनिवारी येतो म्हणे. मिस्त्रीला ८,९०० चं बिल अन् त्याचं पान शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. पाच मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला मजुरी सोडतो, गॅस-ऑइलचे १,६०० द्या. मान्य करू का?

बिल_दाखवा
करा, पण गॅसचे पूर्ण नाही. सील ओलं असलं तरी बराचसा गॅस अजून लाइनमध्ये असणार. हवेत सोडू देऊ नका, रिकव्हरी मशीन असलेल्या ठिकाणी आधी काढून वजन करा. बॉनेटच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. कमी पडेल तेवढ्याच गॅसचे पैसे.

घाटरोड_गॅरेज
ड्रायर आता तुमच्या खर्चाने का होईना टाकाच, ओ-रिंगांसकट. नव्या पीसमध्ये तेल भरलेलं येतं. जुन्यातलं मापात ओता. जुन्यातून ५० मिली निघालं आणि नव्यात १२० असेल तर ७० काढून टाका, नाहीतर जास्तीच्या तेलाने कूलिंग मरतं. मशीनने व्हॅक्यूम कमीत कमी ३० मिनिटं, मग पंप बंद करून १० मिनिटं सुई जागेवर राहते का ते पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, त्यामुळे हवेचा दाब थोडा कमी अन् सुई पाऱ्याच्या २९ इंचांच्या जवळपासच थांबते. पूर्ण ३० दाखवलं तर गेजच चुकीचं.

पाना_पक्कड
अन् कंडेन्सरचा पंखा दोन्ही स्पीडला फिरतो का ते बघा. या उन्हात पंखा अडखळला की प्रेशर ३५० पीएसआयच्या वर जातं अन् क्लच पुन्हा घसरतो.

कलम_७३
जुना पीस देण्याआधी त्याचा नंबर, निळी प्लेट, ओला डाग यांचे फोटो काढा. क्लेम फॉर्मची सही-शिक्क्याची प्रत घ्या. आणि वॉरंटीची तारीख जुन्या बिलापासूनच चालणार की नव्याने सुरू होणार, ते फॉर्मवर लिहून घ्या. तोंडी 'एक वर्ष' चालत नाही.

निंबाची_सावली
फिल्टर पाहिला का?

उकाडा_४६
पाहिला. निंबाची पानं निघाली.