१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच का अडतो?

प्रश्न (इंदूर): गेल्या आठवड्यात जेल रोडवरून १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आणला; परंतु विंडोजमध्ये ६० हर्ट्झच दिसतात. मॉनिटर सदोष असावा का?

उत्तर १: बहुधा नाही. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन चित्र बदलण्याचा हा दर (रिफ्रेश रेट) आपणच निवडावा लागतो, कारण विंडोज पुष्कळदा ६० वरच थांबते. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला सुमारे ६.९, माउसचा बाण हलवताच हा फरक जाणवतो.

प्रश्नकर्ता: तिथे ७५ च्या पुढे पर्यायच नाही. केबल जुन्या मॉनिटरचीच, एचडीएमआय आहे.

उत्तर २ (वडोदरा): मग अडचण एचडीएमआयच्या जोडणीतच असावी. काही मॉनिटरांचे एचडीएमआय पोर्ट कमी रिफ्रेश रेटपुरतेच असतात. डिस्प्लेपोर्टची (मॉनिटर जोडण्याच्या दुसऱ्या प्रकारची) केबल घ्यावी आणि ती ग्राफिक्स कार्डालाच जोडावी, मदरबोर्डाला नव्हे. ही चूक मी स्वतः महिनाभर केली होती.

प्रश्नकर्ता: तशी जोडली, १४४ दिसले. आभारी आहे.