लाकूड कातायची हत्यारं घरी बनवून विकतोय, साइट बघून स्पष्ट सांगा

कातारीकाका

नमस्कार मंडळी. नोकरी सगळी टूलरूममध्ये गेली, आता शेडमध्ये लाकूड कातायच्या लेथची (लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्राची) हत्यारं बनवतो. बोल गाउज (वाडगे कोरायचं पन्हळीचं हत्यार), स्क्यू (तिरप्या धारेचं), पार्टिंग टूल (तुकडा वेगळा करायचं), कार्बाइडच्या (फार कठीण पदार्थाच्या) टिपा बसवलेली हत्यारं, रफिंग गाउज (खांबासारख्या लांब कामाला सुरुवातीला गोल करायचं रुंद हत्यार) आणि जुन्या कानशींचे स्क्रेपर (खरवडायची हत्यारं). एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) सळई पाणी दिलेली, म्हणजे तापवून कडक केलेलीच आणतो. एम-२ ला (हा एचएसएसचाच एक प्रकार) पाणी द्यायचं तर भट्टी १२०० अंशांच्या आसपास न्यावी लागते, ती माझ्याकडे नाही, आणि नसेल तर आव आणू नये. पन्हळ (गाउजच्या अंगावरची लांब खाच) सरफेस ग्राइंडरवर, घासायच्या चाकाला आकार देऊन काढतो. रफिंग गाउज मात्र कार्बन स्टीलची पट्टी घडवून करतो, तिला पाणी मीच देतो, तेलात.

साइट भाच्याने करून दिली. लिंक प्रोफाइलमध्ये आहे. दुखणं असं की लोक येतात, पानं बघतात आणि ऑर्डर द्यायचं सोडून फोन करतात. पोलाद कुठलं? एकूण लांबी किती? धार लावून येतं का? सगळं सांगितलं की "बरं, बघतो" म्हणतात आणि गायब. विक्री होते ती ओळखीपाळखीत.

भाचा म्हणतो रंगसंगती बदलू. रंग बघून कोणी गाउज घेतो असं मला वाटत नाही. तुम्ही लेथवर उभी राहणारी माणसं, म्हणून तुम्हाला विचारतो. गोड बोलायची गरज नाही. दोन शतांश मिलिमीटरसाठी जॉब परत पाठवणाऱ्या इन्स्पेक्टरांसमोर आयुष्य गेलंय.

भुसाचभुसा

काका, रंगाचं राहू द्या. मी फक्त बोल गाउजचं पान नीट वाचलं आणि तिथेच अडकलो.

"बोल गाउज, १२ मिमी" असं लिहिलंय. १२ म्हणजे काय? सळईचा व्यास की पन्हळीची रुंदी? हे किरकोळ नाही. ब्रिटिश पद्धतीत गाउज पन्हळीच्या मापाने ओळखतात, अमेरिकन पद्धतीत सळईच्या व्यासाने. त्यामुळे ब्रिटिश तीन अष्टमांश इंची आणि अमेरिकन अर्धा इंची हे बऱ्याचदा एकच हत्यार असतं. ज्याने यात एकदा चुकीचं माप मागवलंय तो न विचारता पैसे भरणार नाही. "सळई १२ मिमी, पन्हळ अमुक" एवढी एक ओळ टाका.

आता फोटो. सगळे वरून काढलेत, मखमलीवर, हत्यार आडवं. दागिन्यांच्या दुकानाला शोभले असते. मला बघायचंय ते नाक, समोरून, डोळ्याच्या रेषेत. पन्हळ 'व्ही'कडे झुकलेली आहे, 'यू' आहे की पॅराबोलिक, हे फक्त टोकाकडून दिसतं, आणि त्यावरच ठरतं की मला हव्या त्या आकाराची धार त्यावर बसेल की नाही. दुसरा फोटो बाजूने हवा, म्हणजे पंख (नाकाच्या दोन्ही बाजूंच्या धारा) किती मागे ओढलेत ते कळेल. बेव्हलचा (धारेमागच्या उताराचा) कोन आकड्यात लिहा. खोल वाडग्याच्या तळाशी बेव्हल टेकवत वळायचं तर ६० च्या आसपासचा बोथट कोन लागतो, उथळ थाळीला ४५ सुद्धा चालतो. तुमच्या पानावर त्या जागी "उत्तम धार" लिहिलंय. उत्तम धार काय, सगळेच लिहितात.

आणि लोक फोनवर जे विचारतात ना, तोच तुमच्या पानावरचा राहिलेला मजकूर आहे. फोनशेजारी वही ठेवा आणि प्रश्न आला की लिहून घ्या.

पेनवाली

मी नवखी आहे, पेनं आणि छोट्या डब्या करते, म्हणजे कार्बाइड घेणारं गिऱ्हाईक मीच. म्हणून तेवढंच बोलते.

काका, साइटवरचं "कार्बाइडला कधीच धार लावावी लागत नाही" हे वाक्य काढाच. टिप बोथट होते. चौकोनी असेल तर स्क्रू सैल करून फिरवायची, चारही कोपरे संपले की बदलायची. सपाट माथ्याची असेल तर डायमंडच्या पट्टीवर माथा घासून थोडी वेळ मारून नेता येते. हे खरं-खरं लिहिलंत तर मी जास्त विश्वास ठेवीन. पण टिपेचं माप कुठेच नाही! १४ मिमीची आहे की १५ ची? कोपरे टोकदार की गोलसर? स्क्रू कुठला? उद्या टिप फुटली तर तुमच्याकडेच यावं लागणार की दुसरीकडेही मिळेल, हे मला घेण्याआधी कळायला हवं. आधीच्या एका ठिकाणी (नाव नको) टिपेचं माप त्यांचं त्यांनाच माहीत, ते हत्यार आता खिळ्याला टांगलंय.

टिपेखालचा गज चौकोनी आहे का? फोटोत कळत नाही. गोल गज टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीवर) लोळतो, कोपरा लाकडात गेला की हातातच पिळतो. चौकोनी असेल तर ते ठळक लिहा, माझ्यासारखीला तेच हवं असतं.

शेवटी एक तक्रार. कार्टमध्ये टाकलं तर आधी खातं उघडा म्हणाली साइट. उघडलं. पासवर्डमध्ये मोठं अक्षर हवं, चिन्ह हवं. तेही केलं. मग पत्ता भरला आणि अगदी शेवटच्या पानावर पोस्टेज दिसलं. तिथे मी बंद केलं. पोस्टेज फार होतं म्हणून नाही, लपवल्यासारखं वाटलं म्हणून.

कातारीकाका

भुसाचभुसा, १२ हा सळईचा व्यास. मला वाटलं होतं सगळे तसंच समजतात. वही आजच ठेवतो. मखमल भाच्याच्या आईची, ती परत जाईल.

पेनवाली, गज चौकोनीच आहे, १२ चा, आणि टिपेची बैठक मिल करून घेतो, कारण खाली कचरा किंवा उंचवटा राहिला आणि वरून स्क्रू आवळला की टिप तिथेच तडकते. टिप १४ चौकोनी, कोपरे किंचित गोल, स्क्रू एम-४. बाजारात सहज मिळते. मिळत नाही ती वापरायचीच नाही हा माझा नियम आहे, पण साइटवर तो लिहायचं सुचलं नव्हतं. पोस्टेजचं भाच्याला दाखवतो. त्याचं म्हणणं खातं उघडलं की गिऱ्हाईक टिकतं. टिकतंय कुठे!

एका बाबतीत पटलं नाही. कोनाचा आकडा लिहिला तर लोक त्या आकड्याला चिकटून बसतात. धार ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे लावावी.

भुसाचभुसा

लावतीलच. पण कुठून सुरुवात आहे हे कळलं तरच जिग (धार लावताना कोन धरून ठेवणारं साधन) जुळवता येतं. "५५ वर लावून देतो, पुढे तुमची मर्जी" असं लिहा.

शेंबी

उशिरा आलो. फोटो-बिटो ठीक आहे, मला दोन गोष्टींची काळजी वाटते आणि दोन्ही रक्ताच्या आहेत.

पहिली, रफिंग गाउज. पानावर "जाडं काम पटापट, वाडग्यापासून खांबापर्यंत" असं वाक्य आहे. वाडगा ताबडतोब काढा. पट्टीतून घडवलेल्या गाउजचं शेपूट दांड्यात शिरतं तिथे बारीक होतं. खांबाच्या कामात लाकडाच्या रेषा लेथला समांतर असतात, तिथे हे हत्यार हवं तसं वापरा. वाडग्याचा ठोकळा आडव्या रेषांचा, एका फेऱ्यात दोनदा रेषांचं टोक धारेसमोर येतं. त्यात ते रुंद नाक अडकलं तर सगळा झटका त्या बारीक शेपटावर, आणि शेपूट मोडलं की फुटभर पोलाद शेडमध्ये उडतं. बोल गाउज जाड गोल सळईचा असतो तो याचसाठी. नवख्याला नावावरून हा फरक कळत नाही, त्याला "रफिंग" म्हणजे रफ काम एवढंच समजतं. पानाच्या माथ्यावरच लिहा: वाडग्यासाठी वापरू नये.

तिथेच आणखी एक ओळ टाका, की हे कार्बन स्टील आहे. एचएसएस ग्राइंडरवर निळं पडलं तरी फारसं बिघडत नाही, ते ६०० अंशांपर्यंत कडकपणा धरून राहतं. तुमची पट्टी निळी झाली की तिथलं पाणी उतरलं. एचएसएसची सवय असलेला माणूस पहिल्याच दिवशी धार घालवेल आणि नाव तुमचं घेईल.

दुसरी गोष्ट, कानशींचे स्क्रेपर. हे विकू नका.

कातारीकाका

शेंबी, वाडग्याचं मान्य. ते वाक्य रात्री काढलं आणि वर लाल अक्षरात सूचना टाकली.

कानशीबद्दल थोडं ऐका. मी कानस तशीच दांड्यात ठोकून देत नाही. चारही अंगांचे दात पूर्ण घासून काढतो, कारण प्रत्येक दाताच्या मुळाशी चीर सुरू व्हायला जागा असते. मग सगळी कानस ओव्हनमध्ये २३० अंशांवर, गवती पिवळा रंग येईपर्यंत, आणि दांड्याकडचा भाग टॉर्चने निळ्याच्याही पुढे नेऊन मऊ करतो. मोडायच्या आधी वाकेल अशी. बाकावर शिकंज्यात धरून वाकवूनही बघतो. माझ्या लेथवर हेच चालतात.

शेंबी

तुमच्या हातावर शंका नाही, काका. पण कानस कुठल्या पोलादाची आहे हे तुम्हाला माहीत असतं का? काही कानशी आतून मऊ आणि फक्त वरून कडक केलेल्या असतात. दात घासताना तो थर गेला तर धार धरत नाही, राहिला तर वरची साल ठिसूळ. प्रत्येक जुनी कानस वेगळी, म्हणजे तुम्ही वाकवून बघितलेल्या कानशीवरून पुढच्या कानशीबद्दल काहीच कळत नाही. आणि स्क्रेपर आतल्या बाजूला काम करताना रेस्टच्या बराच पुढे जातो. तुम्ही रेस्ट जवळ घ्याल, घेणारा घेईलच असं नाही. त्याऐवजी ६ मिमी जाडीची एचएसएसची पट्टी घ्या, तीच मेहनत, आणि पोलादाचं नाव लिहिता येईल.

कातारीकाका

पोलादाचं नाव लिहिता येत नाही, हे खरं. माझ्याच पहिल्या परिच्छेदात मी एम-२ ची मिजास मारली आणि शेवटच्या मालावर "जुनी कानस". काढतो. असलेले माझ्याच कामाला येतील.

पिक्सेलदादा

लाकडातलं कळत नाही, साइटचं सांगतो. शेडचा मोठा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलाय, कित्येक एमबीचा. मोबाइलवर आधी तोच उतरत राहतो आणि हत्यारं खाली वाट बघतात. रुंदी १६०० पिक्सेल करा, २००-३०० केबीत बसेल. सरकता स्लायडर काढा, तिसऱ्या चित्रापर्यंत कोणी थांबत नाही. खातं न उघडता ऑर्डर देता येण्याची सोय बहुतेक दुकान-सॉफ्टवेअरमध्ये असतेच, सेटिंगमध्ये एक टिचकी. पोस्टेज मालाच्या पानावरच दाखवा, वजनाप्रमाणे ठरत असेल तर वजन लिहा.

आणि एक वीस सेकंदांची चित्रफीत. संगीत नको. बोलणं नको.

भुसाचभुसा

+१. कापण्याचा आवाज ऐकूनच अर्धं कळतं. बेव्हल टेकलेली असेल तर सुर्र असा एकसंध आवाज येतो, नसेल तर खरवडल्यासारखा.

कातारीकाका

चित्रफीत करतो. कॅमेरा भाचा धरेल, रंगसंगतीपेक्षा बरं काम.

एक शेवटचं विचारतो. दांड्याशिवाय नुसतं हत्यार ठेवू का? फोनवर दोघातिघांनी मागितलं होतं, मी नाही म्हणालो. दांडा पितळी शेंबीसकट (तोंडावरच्या कड्यासकट) मीच कातून बसवतो, तोल त्यावरच असतो.

पेनवाली

ठेवा. लेथ घेतल्यावर पहिली हौस आपला दांडा आपण कातायची असते. फक्त भोक किती व्यासाचं, किती खोल, आणि इपॉक्सी (दोन भागांचा डिंक) की ग्रब स्क्रू (डोक्याविना आवळायचा स्क्रू), हे सांगा.

कातारीकाका

इपॉक्सी. ग्रब स्क्रू नुसत्या लाकडात धरत नाही, त्याला धातूची बाही लागते, आणि बाही दिली म्हणजे अर्धा दांडा दिलाच. बोल गाउजला सळई निदान ६० मिमी आत जाऊ द्यावी, भोक सळईहून थोडंसं सैल ठेवावं, नाहीतर डिंक खाली सरकत नाही आणि आत हवा अडकते. रफिंग गाउज मात्र दांड्याशिवाय देणार नाही. ते शेपूट मीच बसवीन.