सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखा आवाज: आमचं रेकॉर्डिंग मेटल डेमोसारखं का वाटतं?

चौकडी_७१ (प्रश्न)

एक गिटार, बेस, ड्रम आणि गायक असा आमचा बँड. स्वतःची पाच गाणी तयार आहेत, सगळी साधारण १९६९ ते ७५ च्या ब्रिटिश रॉकच्या वळणाची. वाजवताना बरी वाटतात, पण रेकॉर्ड केली की वेगळंच काहीतरी ऐकू येतं. गिटार जाड वाटते, पण पुढे येत नाही. ड्रम खोक्यात वाजल्यासारखे आणि एकूण सगळं सपाट.

सामान असं: हंबकरवाली गिटार, मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज वेगळा कमी-जास्त करायचं बटण) असलेला १५ वॉटचा ट्यूब अँप, १२ इंची एका स्पीकरचं कॅबिनेट, २२ इंची किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ड्रम सेट, आठ इनपुटचा इंटरफेस. माइक सहा: दोन एसएम५७, एक किकचा, दोन छोटे कंडेन्सर, एक मोठा. खोली १८ बाय १४ फूट, उंची १० फूट.

ड्रमसाठी अजून माइक घ्यावे लागतील का? रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) लावायचे? आणि क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवायचं की नाही?

सहा_तारा

गिटारबद्दल सांगतो, ड्रमवाले येतीलच.

गेन (अँपच्या पहिल्या टप्प्यात सिग्नल किती फुगवायचा ते बटण) जास्त आहे. न ऐकताही सांगता येतं, कारण दहातल्या नऊ बँडचं हेच असतं. त्या काळचे मार्शलचे १०० आणि ५० वॉटचे अँप मास्टर व्हॉल्यूमशिवाय यायचे. आवाज फाडायचा तर अँप खरोखर मोठा करावा लागे, आणि मग फाटायच्या त्या शेवटच्या पॉवर ट्यूब. शिवाय २५ वॉटचे ग्रीनबॅक स्पीकरही दाबाखाली थोडे दबायचे. तुमच्या अँपवर गेन ८ आणि मास्टर २ असेल तर सगळं डिस्टॉर्शन प्रीअँपमध्ये, म्हणजे त्या पहिल्या टप्प्यात, तयार होतंय. तो आवाज बारीक वाळूसारखा असतो: एकट्याने ऐकला तर भारदस्त, बँडमध्ये मिसळला की नुसती सुं-सुं.

गेन ३ ते ४ वर आणा, मास्टर झेपेल तितका वर न्या, अँपवरचं बेसचं बटण ३ च्या आसपास ठेवा. पॉवर ट्यूब ताणल्या की खालचे सूर आधी चिखल करतात, म्हणून बेस कमी. गिटारचा व्हॉल्यूम रिदमला ६-७, सोलोला १०. आता साधा ई मेजर सहाही तारांवर वाजवा. प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी, आणि पिक हलका मारला की आवाज जवळजवळ स्वच्छ व्हायला हवा. नाही झाला तर गेन अजून खाली. वाजवणाऱ्याला सुरुवातीला उघडं पडल्यासारखं वाटतं, कारण सस्टेन आता बोटांतून काढावा लागतो. पण जुन्या रेकॉर्डवरची गिटार कान देऊन ऐका, आठवणीत असते त्याच्या निम्म्यानेही ती फाटलेली नसते.

१५ वॉटही बंद खोलीत कान फाडतात. अँप आणि स्पीकरच्या मध्ये आवाज कमी करणारा अटेन्युएटर लावता येतो, पण ओहम जुळलेच पाहिजेत: अँपचा ८ ओहमचा जॅक, ८ ओहमचा अटेन्युएटर, ८ ओहमचा स्पीकर. मधली केबल स्पीकरचीच हवी. गिटारची केबल आतून बारीक असते, तापते, आणि मध्येच तुटली तर अँप लोडशिवाय (समोर स्पीकर नसताना) चालतो. ट्यूब अँप लोडशिवाय चालला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायची वेळ येते. शिवाय अटेन्युएटरने खूप खाली आणलं की स्पीकर हलतच नाही आणि आवाज पुन्हा पातळ होतो. साधारण १० डेसिबल कमी झाले की थांबा.

माइक एकच: एसएम५७, जाळीपासून दोन बोटं, स्पीकरच्या मधल्या टोपीची कड जिथे संपते तिथे. टोपीच्या मधोमध कर्कश, कडेला बद्द. इंचभर सरकवून ऐकणं हे कुठल्याही इक्वलायझरपेक्षा जास्त कामाचं.

आणि जाडी हवी म्हणून तोच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकू नका. दोन्हीकडे हुबेहूब तेच असेल तर कानाला ते मधोमधच ऐकू येतं, फक्त मोठं. दोनदा वाजवा, दुसऱ्या वेळी दुसरं पिकअप किंवा मानेवर दुसऱ्या जागी तेच कॉर्ड. एकाच गिटारचा बँड असल्याचं लपवायचं नसेल तर गिटार डावीकडे आणि तिचा फक्त रिव्हर्ब (घुमारा) उजवीकडे. व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमवर बहुतेक ठिकाणी हेच ऐकू येतं.

फ्लोअरटॉम

माइक वाढवू नका, कमी करा. तीन पुरतात, चौथा स्नेअरला (ड्रमरच्या गुडघ्यांमधल्या कडक आवाजाच्या ड्रमला) चव म्हणून.

आधी ड्रम. किकमधली उशी आणि टॉमवरच्या (सेटमधल्या बाकीच्या ड्रमवरच्या) चिकटपट्ट्या काढा. वरची कातडी कोटेड लावा. ट्यूनिंग हल्लीच्या सवयीपेक्षा वर न्या: टॉम 'धप्' न होता सूर धरून थोडा घुमला पाहिजे. एकट्याने ऐकताना तो घुमारा नको वाटतो, पण गिटार आणि बेस आले की तो झाकला जातो, उरतं ते ड्रमचं अंग. किकची पुढची कातडी भोक न पाडलेली असेल तर उत्तम. आत एखादं फडकं दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल एवढंच.

आता माइक. रेकॉर्डिंग इंजिनियर ग्लिन जॉन्सची पद्धत म्हणतात ती ही. पहिला कंडेन्सर स्नेअरच्या बरोबर वर, मध्यापासून साधारण १ मीटर, तोंड खाली. दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या) पलीकडे, टॉमच्या काठापेक्षा वीतभर उंच, टॉमवरून हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) रोखलेला. दोन्हींचं स्नेअरच्या मध्यापासून अंतर सारखंच हवं. नजरेने नाही, दोरीने मोजा: एक टोक स्नेअरवर धरा, वरच्या माइकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा, मग तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत आली पाहिजे. ध्वनी १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे तळहाताएवढा फरक पडला तरी स्नेअर दोन माइकवर वेगवेगळ्या वेळी पोचते आणि मिसळल्यावर तिचा गाभाच जातो. मिक्समध्ये फ्लोअर टॉमचा माइक एका टोकाला, वरचा विरुद्ध बाजूला अर्ध्यापर्यंत. किकचा माइक मधोमध.

तुमची उंची १० फूट, म्हणजे ३०५ सेंटिमीटर. स्नेअर जमिनीपासून ६५ धरली तर वरचा माइक १६५ वर येतो आणि छतापर्यंत १४० उरतात. चालेल. ८ फुटी छत असतं तर परत येणारा आवाज माइकच्या अंगावरच आला असता, तेव्हा वर जाड गादीसारखं काहीतरी टांगावं लागतं.

खोलीत जागा दिसतेय, तेव्हा मोठा कंडेन्सर सेटपासून ३-४ मीटर लांब, कमरेच्या उंचीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवा. त्याला कॉम्प्रेसरने (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणाऱ्या साधनाने) भरपूर दाबा आणि मिक्समध्ये मिठाएवढाच घाला. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या अल्बममधला तो प्रसिद्ध ड्रम आवाज हेडली ग्रेंजच्या जिन्यात मिळाला: सेट खाली, दोन रिबन माइक जिन्यात वर टांगलेले, इंजिनियर अँडी जॉन्सचं काम. सहा-आठ माइक चिकटवून तो आला नसता.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. माइक कमी असले की मिक्स ड्रमरच्या हातात जातं. झांजांवर तुटून पडणारा आणि स्नेअर हळू मारणारा ड्रमर असेल तर ही पद्धत पार फसते. झांजा हलक्या, स्नेअर आणि किक जोरात.

पिन्क_नॉइझ

प्लगिनचं कुणी बोललं नाही म्हणून. जुन्या टेपसारखा आवाज करणारं प्लगिन प्रत्येक ट्रॅकवर लावायची फॅशन आहे. प्रत्येक ठिकाणी थोडं वरचं कापलं जातं आणि शेवटी गाणं गोधडीखालून आल्यासारखं होतं. ड्रमच्या ग्रुपवर एक, पूर्ण मिक्सवर एक. मीटर जेमतेम हलेल इतकंच ढकला. गायकाला प्लेट रिव्हर्ब, पण त्याआधी १०० मिलिसेकंदांच्या आसपास डिले, म्हणजे शब्द कोरडे राहतात आणि शेपूट मागून येतं.

शेवटी लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारं साधन) दाबून विटेसारखी वेव्हफॉर्म करू नका. स्पॉटिफाय एरवी सगळं -१४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतं, त्यामुळे जास्त मोठं केलेलं गाणं खालीच ओढलं जातं, फक्त चेपलेलं उरतं. तरुण श्रोत्यांना मोठाच आवाज लागतो हेही खरं नाही. फ्लीटवूड मॅकचं १९७७ चं गाणं २०२० मध्ये स्केटबोर्डवरच्या एका छोट्या व्हिडिओमुळे पुन्हा चार्टवर आलं, आणि ते काही ढणढणीत गाणं नव्हे.

जुनाट_कान

सामानाची नक्कल करायला हरकत नाही, गळ्याची करू नका. ग्रेटा व्हॅन फ्लीट या बँडला २०१९ मध्ये रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला, तरी 'हे तर झेपेलिनच' ही तक्रार पाठ सोडत नाही, आणि ती तक्रार बहुतेक वेळा गायकाच्या आवाजावरूनच होते. झेपेलिनने ब्लूज आणि ब्रिटिश लोकसंगीत दोन्हींतून उचललं होतं. एकाच बँडमधून उचलाल तर जोड दिसतोच.

चौकडी_७१

दोरी लावून मोजलं, स्नेअर एकदम जिवंत झाली! पण तिन्ही ट्रॅक एकत्र केले की किक पोकळ होते, एकटी ऐकली तर ठीक आहे. आणि क्लिकचं राहिलं.

फ्लोअरटॉम

किकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. इंटरफेसवर किंवा ट्रॅकवर छेद दिलेल्या वर्तुळाचं बटण असतं. दोन्हींतली जी जाड वाटेल ती ठेवा. दोन्ही पोकळच वाटल्या तर माइक कातडीपासून १०-१५ सेंटिमीटर मागे घ्या आणि परत ऐका.

क्लिक फक्त सुरुवातीला दोन बार द्या आणि बंद करा. बेस, ड्रम, गिटार एकत्र, एकमेकांकडे बघून वाजवा. कोरसला टेम्पो २-३ बीपीएम (मिनिटाला ठोके) चढला तर चढू द्या, फक्त पुढच्या कडव्याला परत उतरतोय ना एवढं बघा. गिटारचा अँप शेजारच्या खोलीत ठेवता आला तर गिटारची चूक नंतर दुरुस्त करता येते. ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरली की तो टेक जसा आहे तसाच ठेवावा लागतो. क्लिक नसल्याने दोन टेक जोडणं अवघड जातं, म्हणून प्रत्येक गाण्याचे चार-पाच पूर्ण टेक घ्या, आणि जोडायचंच झालं तर कोरसच्या पहिल्या मात्रेला क्रॅश पडतो तिथेच कापा. मागच्या टेकमधल्या झांजेचं शेपूट तिथे तुटलं तरी नव्या क्रॅशखाली झाकलं जातं.